समुद्राकाठच्या मोकळ्या तासाविषयी

युरोपच्या सहली नेणाऱ्या महाराष्ट्रातील समस्त पर्यटनसंस्थांचे चालक व त्यांचे टूर मॅनेजर यांस,



मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आदी शहरांतून दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत जी असंख्य मराठी कुटुंबे आपल्या संस्थांच्या भरवशावर युरोप पाहावयास निघतात, त्यांचा भार आपण किती दक्षतेने वाहता हे मी अनेकदा जवळून पाहिले आहे. पासपोर्ट कोणाकडे आहेत, मधुमेही प्रवाशाचे जेवण वेळेवर मिळाले की नाही, कोणाचा गुडघा दुखतो म्हणून कोणास बसच्या पुढच्या आसनावर बसवावयाचे, इथपासून तो रात्री उशिरा हॉटेलात पोहोचल्यावर वरणभाताची तजवीज करण्यापर्यंत आपले व्यवस्थापक जी धावपळ करतात, ती केवळ पगारासाठी कोणी करीत असेल असे मला वाटत नाही. म्हणूनच ज्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहिण्यास बसलो, ती गोष्ट आपल्या कानांवर घातल्यास आपण तिचा मनापासून विचार कराल, अशी माझी खात्री आहे.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहरी मुलीच्या संसारानिमित्त वर्षातील बराच काळ माझे वास्तव्य असते. माझे बालपण रायगड जिल्ह्यातील एका किनारी गावात गेले आणि पुढे नोकरीच्या काळात पुण्यात मुलांना पोहावयास शिकविण्याचा छंद मी जोपासला. त्यामुळे पाण्याशी माझा संबंध जुना आहे, आणि पाण्याच्या कडेला माणसे उभी दिसली की त्यांच्याकडे पाहत राहणे हा माझा स्वभावच होऊन बसला आहे. नीसच्या समुद्राला लगटून सुमारे सात किलोमीटर लांबीचा जो प्रॉमनाद देझांग्ले नावाचा प्रशस्त रस्ता जातो, त्यावर आपल्या बसगाड्या थांबतात, प्रवासी उतरतात, छायाचित्रे होतात, आणि मग व्यवस्थापक घड्याळाकडे पाहून जाहीर करतो की आता एक तास सर्वांना मोकळा, चारच्या ठोक्याला ज्याने त्याने येथेच हजर व्हावे. सबंध सहलीत प्रवाशाच्या प्रत्येक घटकेची जबाबदारी कोणीतरी उचललेली असते; या एका तासाची मात्र कोणीच उचललेली नसते, आणि हाच तास समुद्रात जाण्याचा असतो.

आपला प्रवासी समुद्रास अगदीच अपरिचित असतो असे नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे, तारकर्ली, कळंगुट हे किनारे त्याने पाहिलेले असतात. पाण्यात कधी उतरावे व कधी नाही याविषयी त्याच्या मनात काही ठोकताळे पक्के बसलेले असतात: भरतीची वेळ विचारून घ्यावी, ओहोटीच्या ओढीस भ्यावे, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळावे, पावसाळ्यात किनाऱ्याकडे फिरकू नये, आणि एरवी गुडघाभर, फार तर कमरेइतक्या पाण्यात चार जणांनी हातात हात घालून लाटा अंगावर घ्याव्यात. कोकणच्या सपाट पुळणीवर हे ज्ञान बऱ्याच अंशी उपयोगी पडते. ते विसरले गेले म्हणजे काय घडते हे १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीस आलेले पुण्याचे १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले तेव्हा महाराष्ट्राने पाहिले आहे. परंतु भूमध्य समुद्राच्या काठी हेच ज्ञान निरुपयोगी, किंबहुना घातक ठरते, कारण तो समुद्र निराळ्या नियमांनी चालतो. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या मुखाने महासागरापासून जवळजवळ तोडल्या गेलेल्या या जलाशयात भरती-ओहोटी नावालाच असते. नीसला पाण्याची पातळी दिवसाकाठी वीतभर वरखाली झाली तरी पुष्कळ. जो मनुष्य भरती-ओहोटीवरून समुद्राची मनःस्थिती ओळखावयास शिकला, त्याला येथे काहीच हालचाल दिसत नाही, आणि जे हलत नाही ते निरुपद्रवी, असा निष्कर्ष त्याचे मन त्याच्या नकळत काढून मोकळे होते.

नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. अंड्याएवढे, मुठीएवढे, राखी रंगाचे, गुळगुळीत गोटे; आणि त्यांचा उतार पाण्याशी इतका तीव्र होतो की काठापासून चारसहा पावलांवर उंच माणसाचेही पाय तळाला लागत नाहीत. आल्प्स पर्वत येथे थेट समुद्रात उतरला आहे आणि पाण्याखालीही तो तसाच खोल खोल उतरत जातो. शहराच्या पश्चिमेस समुद्रात भराव घालून जो विमानतळ बांधला आहे, त्याच्या लगतच्या भरावाचा मोठा भाग १६ ऑक्टोबर १९७९ रोजी क्षणार्धात पाण्याखालच्या उतारावरून घसरून नाहीसा झाला व त्यात माणसे दगावली, यावरून त्या उताराची कल्पना यावी. विशाल उपसागर, निळे पाणी, पार्श्वभूमीस डोंगर असे ते दृश्य असते. पण ज्या पाण्यात आपण उभे राहणार ते पाणी उभे राहण्याजोगे नाही, हे त्या दृश्यात कोठेही दिसत नाही.

येथे मी वारंवार पाहिलेले एक दृश्य आपल्यापुढे ठेवतो. पूर्वेकडून वारा सुटून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ऊन पडलेले असते, वारा थांबलेला असतो, आणि तरीही दूरवर उठलेल्या लाटा काठापर्यंत येतच असतात. त्या दुरून लहान दिसतात, कारण तळ खोल असल्याने त्या वाटेत कोठे फुटत नाहीत. फुटतात त्या एकदम काठावर, उभ्या माणसाच्या पोटरीशी वा मांडीशी, आणि मग ते पाणी उतारावरून परत जाताना हजारो गोट्यांना बरोबर घेऊन जाते. तो खळखळाट ऐकावयास मोठा मनोहर असतो. आपल्याकडील एखादे साठीतले गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन उतरतात. त्यांच्यामागे साडीचा घोळ सावरीत त्यांच्या पत्नी. आणि वर रस्त्याच्या कठड्याशी उभा असलेला मुलगा फोन रोखून त्यांना इकडे तोंड करावयास सांगतो, म्हणजे साहजिकच त्यांची पाठ समुद्राकडे होते. लाट येते, गुडघ्यामागून धडकते, आणि परतताना पायांखालचे गोटे ओढून नेते. गृहस्थ बसल्यासारखे पडतात, उठण्यासाठी हात टेकतात तर हाताखालचेही गोटे घसरतात, आणि उठू पाहेपर्यंत दुसरी लाट डोक्यावरून जाते. पत्नी त्यांना हात द्यावयास दोन पावले पुढे सरकतात, आणि भिजलेली पाचवारी साडी पायांत गुंडाळली म्हणजे काय होते हे पोहणे शिकविणाऱ्याने सांगावयास हवे असे नाही. अशा प्रसंगी शेजारी उन्हात पडलेली स्थानिक मंडळी धावतात, हात धरून ओढून काढतात, आणि बहुतेक वेळा प्रकरण खरचटलेल्या गुडघ्यावर व हरवलेल्या चष्म्यावर निभावते. प्रत्येक वेळी ते तसेच निभावेल याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही.

बाहेर कसे यावे हेही येथे शिकावे लागते. ज्याला पोहता येते त्यानेही परतताना काठापासून थोडे दूर थांबून लाटांचा क्रम पाहावा, मोठ्या लाटा ओसरून किंचित शांतता झाली की एका लाटेबरोबर वर यावे, आणि पाय टेकताच उभे राहून विचार करीत न बसता, प्रसंगी हातांनी रांगत, लगेच चढून जावे. आणि समुद्राकडे पाठ कधीच करू नये. साधे रबरी तळव्याचे, पायात घट्ट बसणारे पाण्यातले बूट असले तर निम्मा त्रास वाचतो. ते येथे किनाऱ्यालगतच्या दुकानांत सहज मिळतात. आपल्या सामानाच्या यादीत छत्री व स्वेटर यांच्या शेजारी त्यांना जागा द्यावी.

पण याहून मोठा प्रश्न पंचांगाचा आहे. आमच्या शाळांना सुटी एप्रिल-मेमध्ये लागते, म्हणून आपल्या सहली मे महिन्यात भरतात. युरोपियनांच्या समुद्रस्नानाचा हंगाम मात्र जून-अखेरीस सुरू होऊन जुलै-ऑगस्टमध्ये भरास येतो. या दीड-दोन महिन्यांच्या अंतरात दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिली पाण्याच्या थंडीची. मे महिन्यात नीसच्या समुद्राचे तापमान साधारणतः १७ ते १८ अंशांच्या आसपास असते, ऑगस्टमध्ये ते २५ अंशांपर्यंत चढते. त्याच मे महिन्यात कोकणचा समुद्र २९-३० अंशांवर असतो. आमच्या माणसाच्या शरीराने इतके थंड खारे पाणी जन्मात अनुभविलेले नसते. बाहेर ऊन कडक असते, अंग तापलेले असते, आणि त्याच स्थितीत तो झटकन पाण्यात शिरतो. पहिली एकदोन मिनिटे श्वास त्याच्या ताब्यात राहत नाही: छातीत धक्का बसल्यासारखे होऊन तोंड आपोआप उघडते व हवा ओढली जाते, आणि तेवढ्यात तोंडाशी लाट असली तर हवेऐवजी पाणी आत जाते, हृदयाची गती व रक्तदाब एकदम वाढतात. तरुण, निरोगी देह हे सोसतो. परंतु आपल्या बसमधील निम्मी आसने रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांची असतात, कित्येकांच्या हृदयात स्टेंट बसविलेले असतात. फ्रान्सची सार्वजनिक आरोग्यसंस्था बुडून होणाऱ्या मृत्यूंची वेळोवेळी पाहणी करीत असते. समुद्रात दगावणाऱ्यांत ज्येष्ठांचा वाटा मोठा असल्याचे तीत दिसते, आणि ज्यांना उत्तम पोहता येते अशांचाही त्यांत समावेश असतो. म्हणून हात, मान, छाती यांवर पाणी घेत हळूहळू उतरावे, भरपेट जेवणानंतर व मद्य घेतल्यावर उतरू नये, अंगात हुडहुडी भरताच बाहेर यावे, आणि हृदयविकार असलेल्याने मे महिन्यात पाय भिजविण्यावरच समाधान मानावे, हे सांगण्यास व्यवस्थापकाने संकोचू नये.

दुसरी गोष्ट पहाऱ्याची. फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून ३०० मीटरपर्यंतच्या पाण्यातील स्नानाचा बंदोबस्त ही ३ जानेवारी १९८६ च्या किनारा-कायद्यान्वये नगराध्यक्षाची जबाबदारी आहे. तो ठरावीक किनाऱ्यांवर, ठरावीक हंगामात, ठरावीक वेळेत जीवरक्षक नेमतो. उरलेल्या वेळी समुद्र खुला असला तरी जो उतरेल तो आपल्या जोखमीवर उतरतो. मे महिन्यात अनेक चौक्या अद्याप उघडलेल्याच नसतात. हंगामातही सायंकाळी ठरल्या वेळी ध्वज उतरतो आणि जीवरक्षक घरी जातो. युरोपात त्या दिवसांत रात्री नऊपर्यंत उजेड असल्याने आपल्या प्रवाशास मात्र तो भर दुपारचा प्रहर वाटतो. आपली बस दुपारी येते की सहाच्या पुढे, यावर माणसाच्या जिवाचे संरक्षण अवलंबून असावे, आणि कार्यक्रम आखणाऱ्याच्या दफ्तरात त्याची नोंदही नसावी, हे योग्य नाही.

जीवरक्षकांच्या चौकीजवळ एक फलक असतो. त्यावर त्या दिवसाचे हवेचे तापमान, पाण्याचे तापमान, वाऱ्याची दिशा व पहाऱ्याच्या वेळा लिहिलेल्या असतात. भाषा येत नसली तरी आकडे कोणालाही वाचता येतात. बसमधून उतरताच व्यवस्थापकाने सर्वप्रथम तेथे जावे, असे मी म्हणेन. वर काठीवर जो ध्वज फडकत असतो तो शोभेसाठी नसतो. हिरवा ध्वज पहारा चालू आहे व विशेष धोका नाही असे सांगतो. पिवळा असला तर धोका आहे पण बेताचा, म्हणजे पोहता न येणाऱ्याने बाहेरच राहावे. लाल असला तर पाण्यात उतरण्यास मनाई आहे, व ती मनाई मोडणे हा दंडास पात्र गुन्हा आहे. जांभळा ध्वज पाणी दूषित असल्याचा किंवा पाण्यात उपद्रवी जीव असल्याचा इशारा देतो. २०२२ पासून तेथील पहाऱ्याच्या क्षेत्राच्या दोन्ही सीमा लाल व पिवळ्या आडव्या पट्ट्यांच्या ध्वजांनी दाखविल्या जातात. त्या दोहोंमध्येच पोहावे. आणि काठीवर ध्वजच नसेल तर सर्व काही सुरक्षित आहे असा अर्थ आमची मंडळी घेतात; वस्तुतः त्याचा अर्थ इतकाच की आपल्याकडे पाहणारे कोणी नाही.

वाऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या समुद्राचे सारे लहरीपण वाऱ्यात आहे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. येथे त्या पाठाचा उपयोग करावा. नीसपासून पश्चिमेस मार्सेयकडे व त्याही पलीकडे लांग्दोकच्या वाळूच्या किनाऱ्यांवर मिस्त्राल आणि त्रामोंतान हे जमिनीकडून समुद्राकडे सुटणारे प्रखर वारे वाहतात. खारा वारा लाटा काठाकडे आणतो, म्हणून त्याचा धोका डोळ्यांना दिसतो. जमिनीकडून येणारा वारा काठालगतचे पाणी उलट सपाट करून टाकतो, आणि लेकराला फुगविलेल्या गादीवर वा हंसावर बसवून निर्धास्तपणे सोडावे असा तो देखावा असतो. ती गादी म्हणजे शीडच. वारा तिला अल्पावधीत इतके दूर नेतो की उत्तम पोहणाऱ्यालाही तिच्या मागे जाऊन परत येता येत नाही, आणि बाप तिच्या मागे जातोच. असा वारा असताना चौकीवर नारिंगी रंगाचे वायुपिशवीसारखे कापडी निशाण लावतात. ते दिसले की फुगवून वापरावयाची कोणतीही वस्तू पाण्यात नेऊ नये. मिस्त्राल आणखी एक गोष्ट करतो: वरचे तापलेले पाणी दूर लोटून खालचे थंड पाणी वर आणतो, त्यामुळे ऐन जुलैतही एका दिवसात समुद्र कित्येक अंशांनी गार पडतो. काल पोहलो होतो, आजही पोहू, हा हिशेब म्हणून चालत नाही.

स्पेनमध्ये बार्सेलोनाचा किनारा आपल्या कार्यक्रमांत असतो. १९९२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने घडविलेला तो किनारा वाळूचा आहे, आणि तेथे कोकणची आठवण अधिक होते. परंतु पूर्वेचा वारा सुटला की वाळूच्या दांड्यांमधून व दगडी धक्क्यांच्या कडेने पाणी परत समुद्राकडे वेगाने वाहू लागते. लाटांच्या पांढऱ्या रांगेत जेथे फेस नाही, जेथे पाणी काळसर व शांत दिसते, तीच वाट अनेकदा या ओढीची असते, आणि अनभिज्ञ मनुष्य नेमका तेथेच उतरतो. ओढीत सापडल्यास काठाच्या दिशेने तिच्याशी झुंजू नये. उताणे पडून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी, आणि अंगात बळ असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडून मग काठाकडे वळावे. पोहता येते म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हौदाच्या किती फेऱ्या मारता हे विचारीत नाही. हात-पाय न मारता किती वेळ निवांत तरंगता, हे विचारतो. पुण्यातील टिळक तलावाच्या निळ्या फरशीवर पंचवीस फेऱ्या मारणारा जवानही तळ दिसेनासा होताच घाबरतो, हे मी पाहिले आहे.

जलक्रीडांविषयी आपल्या प्रवाशांत, विशेषतः तरुणांत, मोठे आकर्षण असते व ते स्वाभाविक आहे. जेट-स्की, पॅराशूट बांधून बोटीमागे उडणे, उभ्याने वल्हवावयाची फळी, कयाक हे सारे त्या किनाऱ्यावर उपलब्ध असते. त्यांत मुळात वाईट काही नाही. मी स्वतः या वयात कयाक वल्हवतो. परंतु फ्रान्समध्ये जेट-स्की चालविण्यास परवाना लागतो, आणि तो नसलेल्यास प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच ते चालविण्याची मुभा असते. जो भाड्याने देणारा पैसे घेऊन किल्ली हातात देऊन मोकळा होतो, तो कायदा मोडतो व गिऱ्हाइकाला संकटात घालतो. किनाऱ्यापासून ३०० मीटरच्या पट्ट्यात कोणत्याही यांत्रिक वाहनाचा वेग पाच नॉट, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटर, यापेक्षा अधिक असता कामा नये. पिवळ्या तरंगत्या पिंपांनी जी वाट आखलेली असते ती बोटींच्या ये-जा करण्याची असते, आणि तेथे पोहणे म्हणजे महामार्गावर फिरावयास जाणे होय. यंत्र बंद करणारी दोरी मनगटास बांधल्यावाचून जेट-स्कीवर बसू नये, वल्हवण्याच्या फळीची दोरी घोट्यास बांधल्यावाचून काठ सोडू नये. जीवरक्षक जाकिटाचे पट्टे प्रवाशाच्या अंगावर, त्याच्या मापाप्रमाणे आवळून, खांद्याशी धरून वर ओढून पाहावेत. जाकीट कानांपर्यंत सरकले तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल असे समजावे. जाकिटाच्या आत उत्प्लावनाचा आकडा छापलेला असतो: ५० न्यूटनचे जाकीट ज्याला पोहता येते त्याच्या मदतीपुरते आहे, ज्याला पोहता येत नाही त्याला १०० वा अधिक मागावे. आणि आपण प्रवाशांच्या वतीने जो प्रवासविमा उतरविता, त्याच्या बारीक अक्षरांतील कलमे एकदा नजरेखालून घालावीत. पुष्कळ विमापत्रांतून अशा क्रीडा वगळलेल्या असतात, आणि ते प्रवाशास अपघातानंतर कळते.

जेलीफिशचा उल्लेख ओघाने येतो. या समुद्रात पेलाजिया नावाची जांभळट रंगाची एक लहान जात थव्याने येते. तिचा दंश प्राणघातक क्वचितच ठरतो, पण आग फार होते. दंशाची जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, गोडे पाणी लावू नये, चोळू नये, आणि चौकीवर जावे. श्वास लागला वा चेहरा सुजला तर तत्काळ वैद्यकीय मदत मागवावी. एवढे पुरे.

बुडणारा मनुष्य ओरडतो, हात हलवितो, मदतीस हाका मारतो, असे आपण चित्रपटांत पाहिले आहे, आणि हा समज किती माणसांच्या जिवावर बेतला असेल याची गणना नाही. न्यूयॉर्कमधील एक जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून जे मांडले, ते असे की खरोखर बुडू लागलेल्या माणसाला ओरडता येत नाही, कारण ओरडण्यास श्वास लागतो आणि त्याचे तोंड पाण्याच्या वर येते ते जेमतेम श्वास घेण्यापुरतेच. त्याचे हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबीत असतात, देह उभा असतो, पाय हलत नाहीत, नजर काचेसारखी होते. आणि वीस सेकंदांपासून एका मिनिटापर्यंतच्या अवधीत तो दिसेनासा होतो. शेजारी दहा माणसे हसतखेळत असताना हे घडते. लहान मूल पाण्यात खिदळत असून एकाएकी गप्प झाले, तर त्या शांततेकडे धावले पाहिजे. आणि धावणाऱ्यानेही उडी घेऊ नये. आपल्याकडे एक बुडाला की त्याला वाचविण्यास भाऊ, मग मित्र असे एकामागोमाग जातात. माया खरी असते, म्हणूनच हे घडते. चौकीला हाक द्यावी, ११२ हा क्रमांक फिरवावा, जो भारतीय फोनवरूनही युरोपात कोठेही लागतो. फ्रान्सच्या समुद्रात १९६ हा सागरी बचावाचा स्वतंत्र क्रमांक आहे. आणि तोवर पाण्यातल्याकडे तरंगणारे काहीही फेकावे, रिकामी झाकण लावलेली पाण्याची मोठी बाटलीसुद्धा.

आता माझी विनंती. समुद्राचा मोकळा तास कार्यक्रमपत्रिकेतून काढून टाका असे मी म्हणत नाही. आयुष्यभर बचत करून, कर्तव्ये आटोपून युरोपास आलेल्या माणसाला भूमध्य समुद्रात पाय बुडविण्याचा आनंद मिळालाच पाहिजे, आणि तो हिरावून घेणारा नियम कोणी केला तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. विनंती अशी की तो तास कोणाच्या तरी अंमलाखाली असावा. बस नीसला पोहोचण्यापूर्वी, रस्त्यातच, पंधरा मिनिटे माइकवर या विषयासाठी राखून ठेवावीत, आणि त्यात आजचा ध्वज कोणता, पहारा कधीपर्यंत, पाणी किती थंड, हे त्या दिवशीच्या माहितीनिशी सांगावे. कोणास पोहता येते, कोणास येत नाही, कोणास हृदयाचा त्रास आहे, याची यादी मुंबईत नावे नोंदवितानाच तयार व्हावी. पाण्यात उतरण्यापूर्वी व नंतर शिरगणती व्हावी. साडी, जीन्स, ओढणी अंगावर असताना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये ही ताकीद सर्वांसमक्ष, आदराने पण निःसंदिग्ध दिली जावी. पोहण्याच्या पोशाखाचा संकोच वाटणाऱ्या स्त्रियांसाठी अंगभर बसणारा, न फुगणारा पोहण्याचा वेश आज आपल्या बाजारांत मिळतो, त्याची सूचना प्रवासापूर्वीच्या बैठकीत करावी, आणि ती एखाद्या सहप्रवासी बाईंनी केली तर अधिक बरे. तुकडीबरोबरच्या एका तरी माणसाने जीवरक्षणाचे व हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले असावे.

आणखी एक सुचवितो, ते खर्चाचेही नाही. नीसचा काठ पाहण्यास ठेवावा, व पाण्यात उतरण्यास वाळूचा, मंद उताराचा किनारा निवडावा. नीसहून आगगाडीने काही मिनिटांवर असलेल्या व्हीलफ्रांशच्या उपसागरातील मारिनिएरचा किनारा दोन्ही बाजूंनी डोंगरांनी आडोशाला घेतलेला आहे. आंतीबच्या जुन्या तटाला लागून ग्राव्हेतची छोटी वाळूची खाडी आहे. आणि जेथे आपल्या बसगाड्या तशाही चित्रपट महोत्सवाचा प्रासाद दाखवावयास जातात त्या कानमध्ये वाळूचा लांबच लांब काठ आहे. ज्या सहलीत लहान मुले वा वृद्ध अधिक आहेत, तिचा तास तेथे घालवावा. यासाठी बसचा मार्ग बदलावा लागत नाही, थांबण्याची जागा तेवढी बदलावी लागते.

पुढील उन्हाळ्याच्या सहलींची पत्रके दिवाळीनंतर छापावयास जातात, असे ऐकून आहे. त्यापूर्वी आपल्या संस्थांपैकी जी कोणी या विषयावर व्यवस्थापकांचा एखादा वर्ग भरविण्यास तयार असेल, तिने या नियतकालिकाच्या संपादकांमार्फत मला कळवावे. डिसेंबर-जानेवारीत मी पुण्यात असतो, आणि नीसच्या चौक्यांवरील फलक, ध्वज, जाकिटे यांची छायाचित्रे व मराठीतून तयार केलेला पानभर मजकूर घेऊन, कोणतेही मानधन न घेता, मी आपल्या कार्यालयात येईन. मजकूर आपापल्या नावाने छापून प्रवाशांच्या हाती द्यावा. त्यावर माझे नाव असण्याची गरज नाही.



आपला,
नीस येथे राहणारा एक निवृत्त पोहणे-शिक्षक